विशेष गरजांच्या मुलांचे उपचार : घरची बोली, घरची रीत आणि डॉक्टर

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, फिट येते, मान धरत नाही किंवा हाक मारली तरी वळून पाहत नाही. अशा वेळी मावळातल्या कुसगावच्या कुटुंबाला लोणावळ्याच्या दवाखान्यातून पुढे पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. तिथे कागद इंग्रजीत असतात, डॉक्टर मराठी-हिंदीत बोलतात आणि अम्मी घरी दखनी बोलते. घाईत ती "हो, समजलं" म्हणते, पण औषध किती वेळा द्यायचे ते नीट कळलेले नसते. घरची भाषा आणि रीत समजून केलेले उपचार का गरजेचे आहेत, ते इथेच दिसते.

मुलाची भाषा कोणती?

आपल्या अनेक घरांत दखनी, अंगणात मराठी, मदरशात उर्दू आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी असते. जास्त भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते, हा गैरसमज आहे. स्वमग्नता किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुलेही दोन भाषा शिकू शकतात. म्हणून "घरी एकच भाषा बोला" असे कोणी सांगितले तर कारण विचारा. आजी-आजोबांची भाषा बंद केली तर मुलाशी बोलणारी माणसेच कमी होतात.

तपासणी एकाच भाषेत झाली तर निष्कर्ष चुकू शकतो. मूल म्हणते, "मेरेको पानी होना." हिंदीच्या कानाला हे चुकीचे वाटते, पण दखनीत ते बरोबर आहे, मराठीतल्या "पाणी हवं"सारखे. मूल "नक्को" म्हणते, तेही बरोबर. असे वीस-पंचवीस शब्द आणि वाक्ये कागदावर लिहून न्या, मोबाईलमध्ये मुलाचे घरचे बोलणे रेकॉर्ड करून न्या. स्पीच थेरपी आठवड्यातून थोडाच वेळ असते, खरा सराव घरी होतो. तो दादीलाही जमला पाहिजे.

दुभाषा म्हणून मोठ्या भावंडाला पुढे करू नका. लहान मुले वाईट बातमी गाळतात किंवा घाबरून जातात. जाणत्या नातेवाइकाला न्या किंवा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मदत मागा. शेवटी डॉक्टरांना म्हणा, "मी काय समजले ते सांगते, बरोबर आहे का बघा." समजेल अशा भाषेत माहिती मिळणे आणि धर्मावरून भेदभाव न होणे हे रुग्णहक्क सनदेतले हक्क आहेत.

दीन आणि उपचार

- जन्मल्यावर बाळाच्या कानात अजान दिली जाते. बाळ दचकले म्हणजे ऐकू येते, असे धरू नका. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत.
- फिट आली की "असर आहे" असे म्हटले जाते. दुआ करा, पण गोळ्या अचानक बंद करू नका. तसे केल्यास न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकते. ताविजाचा दोरा गळ्याला आवळणार नाही, हेही पाहा.
- नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही आणि आजाऱ्याला सवलत आहे. वयात आलेल्या मुलाला फिट किंवा मधुमेहाचे औषध सुरू असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टर आणि आलिम दोघांशी बोला.
- उजवा हात कमजोर असलेल्या मुलाला उजव्यानेच जेवायची सक्ती नको, मजबुरीला माफी आहे. थेरपिस्टला मात्र घरची ही रीत सांगा, म्हणजे उजव्या हाताचा सराव जेवणाशी जोडता येईल.
- कॅप्सूलमधल्या जिलेटिनची शंका असेल तर गप्प राहून औषध टाळू नका. सिरप किंवा गोळी मिळेल का ते विचारा.
- मुलगी मोठी असेल तर महिला थेरपिस्ट मागण्यात संकोच नको.

नात्यातले लग्न

हा विषय टोमणा न मारता बोलला गेला पाहिजे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड इथे पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास झाला आणि 2013 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. त्यात सख्ख्या चुलत-मावस नात्यातल्या लग्नांत जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे 3 टक्क्यांवरून 6 टक्के होतो, असे दिसले. म्हणजे धोका दुप्पट, तरी बहुतेक मुले निरोगीच असतात. आईला दोष देऊ नका. पुढच्या मुलाआधी जनुकीय सल्ला घ्या.

कुठे जायचे, काय मागायचे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरमधून सुरू झाला. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. मूल फक्त मदरशात जात असेल किंवा घरीच असेल तर ते तपासणीतून सुटू शकते. त्याला अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

पुण्यात ससून आणि औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. मुंबईत हाजी अली परिसरात 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तर वांद्र्यात 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था. 1971 ते 1976 दरम्यान महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वे आहेत. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड लवकर काढा, एसटीतल्या सवलतीसह अनेक ठिकाणी ते लागते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना 1 लाख रुपयांपर्यंत विमा देते, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद

घरी कोणती बोली, मूल कोणाजवळ जास्त असते, काय खाते, कोणत्या वेळी औषध देणे जमत नाही, हकीम किंवा इतर कोणाचे कोणते औषध चालू आहे, घरात नात्यातले लग्न आहे का. एवढे मराठीत लिहून न्या. काहीही लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवलेले औषधच पुढे घात करते.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अंध होते, तरी ते मदिनेत अजान देत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मागे ठेवले नाही. आपल्या वस्तीतल्या अशा मुलांना मशिदीत, मदरशात आणि शादी-समारंभात जागा देणे ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.