प्रभावळकर, दिलीप

(४ ऑगस्ट १९४४– ). मराठी रंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट यांतील अभिनेते आणि विनोदी लेखक. औषध कंपनीतील नोकरी सांभाळत ते नाटकांतून कामे करू लागले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण आणि ‘आरण्यक’मधील विदुर या त्यांच्या सुरुवातीच्या ठळक भूमिका.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेत प्रभावळकर चिमणराव झाले. त्याचा जोडीदार गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. भित्रा, पण स्वतःला शहाणा समजणारा चिमणराव हा पांढरपेशा कारकून सहज अर्कचित्र होऊ शकला असता. प्रभावळकरांनी त्याची फजिती रंगवली, पण त्याची कीव येऊ दिली नाही. पुस्तकातला चिमणराव पुढे अनेक वाचकांना याच चेहऱ्याने दिसू लागला. केंद्राचे प्रक्षेपण तेव्हा मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते असल्याने नागपूर-विदर्भाला मालिका दिसत नव्हती. १९७९ साली मात्र हीच जोडी चित्रपटात आली. ‘साळसूद’ या मालिकेत त्यांनी थंड डोक्याचा खलनायक साकारला.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१ पासून, अल्फा टीव्ही मराठी, दिग्दर्शक केदार शिंदे) ही त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कामाची सर्वांत मोठी मिळकत. ‘लोकसत्ता’तील त्यांच्याच ‘अनुदिनी’ या सदरातून ती आली. घरातील प्रत्येकाने आपापली रोजनिशी लिहावी, ही मूळ कल्पना. पात्रे आधी लिहून मग त्यांतलेच एक, घरातले आजोबा म्हणजे आबा, होणारा हा नट. त्यामुळे आबांच्या तोंडी एकही वाक्य चिकटवलेले वाटत नाही. या मालिकेत कारस्थाने नाहीत, तरी घरोघरी तिची वाट पाहिली जाई.

‘हसवा फसवी’ या स्वतः लिहिलेल्या नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या. त्यांतील वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर विशेष गाजला. ‘चौकट राजा’तील (१९९१) मतिमंद नंदू आणि ‘झपाटलेला’तील (१९९३) गुंड तात्या विंचू या एकाच नटाच्या भूमिका आहेत, हे ठाऊक असूनही पटायला वेळ लागतो. ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी आणि ‘शेवरी’ यांसाठी त्यांना २००६ चा सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘बोक्या सातबंडे’ हा त्यांचा बालनायक आकाशवाणीवरून पुस्तकांत आला. २०२५ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘दशावतार’ चित्रपटात बाबुली मेस्त्री हा कोकणातील दशावतारी कलावंत उभा केला.