साचा आणि मजकूर

विमान आकाशातून सुखरूप खाली उतरले म्हणजे आपण वैमानिकाचे कौतुक करतो. क्वचित ते विमान तपासणाऱ्या यंत्रज्ञाचेही स्मरण होते. परंतु त्या यंत्रज्ञाच्या हाताशी असलेल्या जाडजूड पुस्तकाची, आणि त्यातील मजकूर ज्या साच्यात बसविलेला असतो त्या साच्याची, आठवण कोणास होत नाही. व्यवसायात लागणाऱ्या तांत्रिक पुस्तकांच्या मांडणीचा इतिहास दिसावयास रुक्ष खरा. पण त्याच्या मुळाशी एक जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. मजकुराचे रूप कोणी ठरवावयाचे, आणि ते कोणासाठी?

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमानांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. विमाने निरनिराळ्या कारखान्यांची. प्रत्येकाने आपले पुस्तक आपल्या मर्जीप्रमाणे रचले, तर वाचणाऱ्याची त्रेधा उडणार हे उघड आहे. १९५६ साली अमेरिकेतील विमानवाहतूक कंपन्यांच्या संघाने ‘स्पेसिफिकेशन १००’ या नावाचा दंडक प्रसिद्ध केला. त्याने विमानाच्या प्रत्येक अंगास कायमचा प्रकरण-क्रमांक नेमून दिला. इंधनव्यवस्था म्हणजे २८. चाके आणि विमान उतरविण्याची यंत्रणा म्हणजे ३२. विमान बोइंगचे असो वा डग्लसचे, ३२वे प्रकरण उघडले की चाकांचीच माहिती हाती यावयाची. मध्यरात्री, पावसात, बॅटरीच्या उजेडात पुस्तक चाळणाऱ्या माणसास याहून मोठे साहाय्य कोणते?

अशा पुस्तकांच्या परंपरेत आणखी एक विवेक रुजला. माणसाच्या जिवास धोका असेल तेथे ‘वॉर्निंग’, यंत्राची हानी संभवत असेल तेथे ‘कॉशन’, आणि केवळ अधिक माहिती द्यावयाची असेल तेथे ‘नोट’. यांतील पहिल्या दोन सूचना ज्या कृतीविषयी असतील, त्या कृतीच्या आधी छापावयाच्या. झडप उघडून झाल्यावर आत कोंडलेल्या दाबाविषयीची सूचना वाचून उपयोग तो काय? अक्षरे ठळक असावीत की चौकटीत, हा प्रश्न नंतरचा. आधी ठरले ते त्या सूचनेचे नाव आणि तिचे स्थान.

छापखान्यात मात्र पुष्कळ काळ याच्या उलट रीत होती. जुळाऱ्याकडे हस्तलिखित जाई ते समासात खुणा घेऊन: ‘बारा पॉइंट, ठळक, मध्यभागी’. पुढे संगणकाकडून अक्षरजुळणी करून घेण्याचे युग आले, तेव्हा याच आज्ञा यंत्रास देण्यात येऊ लागल्या. पण जुळारी वाचीत असे, यंत्र वाचीत नाही. शीर्षकही ठळक, धोक्याची सूचनाही ठळक, उपकरणाचे नावही ठळक. ‘ठळक’ एवढ्याच शब्दावरून यंत्राने यांतील भेद ओळखावा कसा? आणि उद्या सर्व सूचना लाल शाईत छापावयाचे ठरले, तर हजारो पृष्ठांतून त्या वेचून काढाव्या कोणी?

१९६७ साली कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात झालेल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकूर आणि त्याचे बाह्यरूप एकमेकांपासून वेगळे करावेत असा विचार मांडला. याच सुमारास न्यूयॉर्कचे ग्रंथरचनाकार स्टॅन्ली राइस पुस्तकाच्या घटकांना सर्वसामान्य नावे द्यावीत असे सुचवीत होते. १९६९ साली आय.बी.एम. कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी हा विचार कृतीत उतरविला. गोल्डफार्ब मूळचे वकील, आणि काम होते वकिलांच्या कचेरीतील कागदपत्रांचे. कागद लिहिणे, तो शोधून काढणे आणि छापणे ही तीन कामे तीन निरनिराळ्या योजनांनी होत, आणि एकीच्या खुणा दुसरीस कळत नसत. म्हणून त्यांनी खुणांचा अर्थच पालटला. ‘हे ठळक कर’ असे न सांगता ‘हे शीर्षक आहे’ असे सांगावयाचे. त्या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीस ‘जी.एम.एल.’ हे नाव मिळाले. तिच्यातून विकसित झालेली पद्धती १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरली, आणि विमानव्यवसायानेही आपल्या पुस्तकांसाठी तिचा अंगीकार केला.

विद्वानांच्या जगात हीच वाट दुसऱ्या बाजूने उघडली. १९७७ साली डोनल्ड नूथ यांच्या हाती आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी जुळविलेली होती. नव्या प्रकाशजुळणीची अक्षरे पाहून ते विषण्ण झाले, आणि ‘टेक’ नावाची अक्षरजुळणीची योजना त्यांनी स्वतःच रचली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०नंतरच्या काही वर्षांत ‘लाटेक’चे साचे उभारले. लेखकाने ‘प्रकरण’, ‘कोष्टक’, ‘तळटीप’ एवढेच सांगावे. समास किती आणि अक्षर केवढे, हे साचा ठरवील.

या विचाराचे मोल मराठीच्या मुद्रकास विशेष जाणवावे. आपल्या अक्षरांस वर मात्रा, वेलांटी आणि रफार, खाली उकार. रोमन लिपीसाठी आखलेले ओळींतील अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. इंग्रजीत शब्दावर भर द्यावयाचा तर अक्षरे तिरपी करतात. देवनागरीच्या प्रकृतीस ती रीत परकी. लेखकाने ‘हे तिरपे कर’ असे लिहून ठेवले असेल, तर ती आज्ञा आपल्या लिपीत निरर्थक ठरते. ‘येथे भर आहे’ असे लिहिले असेल, तर साचा तो भर आपल्या लिपीच्या रीतीने दाखवू शकतो. १९९१ साली हॉलंडमधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी ‘टेक’साठी देवनागरीची योजना सिद्ध केली, तेव्हा ही वाट आपल्या लिपीसही मोकळी झाली.

साच्याचा धोकाही आहेच. रिकामा रकाना दिसला की तो भरण्यासाठी शब्द जमविणारा अहवाल-लेखक प्रत्येक कचेरीत भेटतो. त्याच्या हाती उत्तम साचाही पोकळ होतो. लेखकाची चूक हळूच दाखवून देणारा जुना जुळारी कोणत्याही साच्यात सापडावयाचा नाही. पण हा दोष साच्याचा नव्हे. चांगला साचा म्हणजे आपण कधी न पाहिलेल्या वाचकाची आधीच केलेली काळजी. अंधारात उभ्या असलेल्या त्या यंत्रज्ञास ३२वे प्रकरण चटकन सापडते, कारण त्याचा विचार कोणीतरी फार पूर्वी केलेला असतो.