ब्रह्मराक्षसाचा वाडा आणि बोलूची पायवाट

जादूच्या शाळेतील सवंगड्यांची कथा म्हटली की आजच्या वाचकाला 1997 साली इंग्लंडात अवतरलेला हॅरी पॉटर आठवतो. रायपूर परिसरातील अद्भुत शिक्षणकथेचा धागा मात्र त्यापूर्वीच्या चार दशकांपर्यंत मागे जातो, आणि तो एका मराठी घराशी जोडलेला आहे.

गजानन माधव मुक्तिबोध (1917-1964) यांची मातृभाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. गजाननांनी हिंदी स्वीकारली. 1957च्या सुमारास, नागपूरच्या वास्तव्यात, त्यांनी ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ ही कथा लिहिली. विद्येच्या ओढीने काशीस आलेला एक मुलगा ओसाड वाड्यात गुरूपाशी बारा वर्षे राहतो. बाहेर पाऊल टाकावयाचे नाही, ही अट. अखेरच्या दिवशी जेवताना तूप हवे असते. गुरू बसल्या जागेवरून हात लांबवितो आणि तो हात थेट स्वयंपाकघरात पोहोचतो. आपण ब्रह्मराक्षस आहोत, जिवंतपणी योग्य शिष्यास विद्या दिली नाही म्हणून अडकलो, असे सांगून तो आपले ओझे शिष्यावर सोपवितो व मुक्त होतो. त्या लांबलेल्या हातापेक्षा हे ऋणच अधिक भयावह आहे. बारा वर्षांत या मुलाला एकही मित्र मिळत नाही, ही बाब सहसा नजरेतून निसटते.

राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयाची तळ्याकाठची राजवास्तू पाहून हाच तो वाडा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मुक्तिबोध तेथे अध्यापक म्हणून गेले 1958 साली. कालक्रम या मोहाला साथ देत नाही. तेथे घडले ते निराळेच. गावातील विनोदकुमार शुक्ल (1937-2025) या तरुणाच्या कविता त्यांनी वाचल्या आणि श्रीकांत वर्मांच्या ‘कृति’ मासिकापर्यंत पोहोचविल्या. कथेतील गुरूला जिवंतपणी जे साधले नाही, ते कथाकाराने केले.

शुक्ल पुढे रायपूरला स्थायिक झाले आणि तेथे कृषिविद्यापीठात शिकवीत राहिले. 2011 साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांची ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’ ही कादंबरी आली. किशोर, मोठे आणि मुले अशा सर्वांसाठी. तिच्यातील बोलू चालू लागला की बोलतो, थांबला की गप्प होतो. या जादूचे स्पष्टीकरण शुक्ल देत नाहीत, हे उत्तमच. बोलूचे म्हणणे ऐकावयाचे तर कूनाला आणि इतर सवंगड्यांना त्याच्याबरोबर चालावे लागते. दार लावून घेऊन ते ऐकताच येत नाही.