पुल्या जलवाहिनी सायकलमार्ग

पुल्या जलवाहिनी सायकलमार्ग (इटालियन: चिक्लोव्हिया देल्लाक्वेदोत्तो पुल्येसे) हा दक्षिण इटलीतील सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग आहे. कांपानिया प्रांतातील कापोसेले या डोंगरी गावी त्याचा आरंभ होतो. तेथून बाझिलिकाता प्रांत ओलांडून तो पुल्या प्रांताच्या दक्षिण टोकाला, सांता मारिया दि लेउका येथे समुद्राला भिडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पुल्याला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी बांधलेली प्रचंड जलवाहिनी हा या मार्गाचा कणा आहे. जलवाहिनीच्या देखभालीसाठी तिच्या माथ्यावरून वा कडेने जो सेवापथ राखला गेला, त्यावर सार्वजनिक वाहनांना कधीच मुभा नव्हती. त्यामुळे मोटारींचा आवाज नसलेली, फारसा चढउतार नसलेली वाट येथे आयतीच तयार होती. मात्र संपूर्ण मार्ग अद्याप वाहनमुक्त झालेला नाही.

तहानलेला प्रांत

पुल्याचा बराचसा भाग चुनखडीच्या पठाराचा आहे. पडलेले पाणी खडकातील भेगांतून खाली झिरपते व जमिनीवर नदीनाला म्हणावा असा फारसा उरत नाही. ओफांतो ही प्रांताच्या उत्तरेकडील नदी सोडली, तर मोठा वाहता प्रवाह जवळजवळ नाहीच. या भूमीच्या कोरडेपणाचा उल्लेख रोमन कवी होरेस यानेही केला आहे, आणि तो याच परिसरातला, व्हेनोसा गावचा. ‘आपुलिया’ हे प्रांताचे प्राचीन नाव ‘पावसाविना’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. भाषाशास्त्राच्या कसोटीला ती उतरत नाही. पण लोकांना ती पटावी, यातच प्रांताचे दुःख कळते.

शतकानुशतके येथील लोक छपरावरचे पावसाचे पाणी अंगणाखालच्या टाक्यांत साठवत. उन्हाळ्याच्या अखेरीस ते आटे किंवा नासे. दूषित पाण्यातून रोगराई पसरे. १९१० साली पुल्यात पटकीची मोठी साथ आली, तेव्हा जलवाहिनीचे काम चालू होऊन चार वर्षे झाली होती.

जलवाहिनीची उभारणी

अपेनाइन पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर कापोसेले येथे सेले नदीचा उगम आहे. हे पाणी पर्वताखालून बोगद्याने पूर्वेकडे वळवावे, ही कल्पना कामिल्लो रोझाल्बा या अभियंत्याने १८६८ मध्ये मांडली. त्या काळी ती अनेकांना अव्यवहार्य वाटली. इटलीच्या संसदेत मात्तेओ रेनातो इंब्रियानी यांनी पुल्याच्या पाण्याचा प्रश्न लावून धरला. अखेर १९०२ मध्ये जलवाहिनीचा कायदा संमत झाला आणि १९०६ मध्ये प्रत्यक्ष बांधकामास सुरुवात झाली. २४ एप्रिल १९१५ रोजी बारी शहरातील उंबेर्तो चौकात कारंजे उसळले व सेलेचे पाणी शहरात पोहोचले. बरोबर एका महिन्याने इटली पहिल्या महायुद्धात उतरला. पुढचे काम त्यामुळे लांबले. लेउकाच्या टोकापर्यंत पाणी नेण्यास १९३० च्या दशकाची अखेर उजाडली.

कापोसेले ते व्हिल्ला कास्तेल्ली हा मुख्य कालवा सुमारे २४४ किलोमीटर लांब आहे. तो बंदिस्त असून कोठेही पंप न लावता पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. उगम समुद्रसपाटीपासून अवघ्या ४२० मीटर उंचीवर असल्याने अभियंत्यांना उंची अतिशय जपून खर्च करावी लागली. उतार एवढा मंद ठेवला की तो डोळ्यांना जाणवतही नाही. टेकडी आली तर बोगदा, दरी आली तर कमानींचा जलसेतू, आणि एरवी डोंगराच्या कुशीने वळसे घेत जाणारा पाट, अशी त्याची घडण आहे. सायकलस्वाराला आज जी सपाट वाट मिळते, ती या काटकसरीची देणगी होय.

या कथेला दुसरी बाजूही आहे. पुल्याची तहान भागली ती कापोसेलेच्या नदीवर. उगमाचे पाणी कालव्यात बांधून घेतल्याने सेले नदी स्वतःच्या जन्मस्थानीच क्षीण झाली. उगमावरचे जुने चर्चही या कामासाठी पाडून जवळच नव्याने बांधावे लागले. त्याचे घंटाघर मात्र मूळ जागीच उभे आहे. पुढे २३ नोव्हेंबर १९८० च्या इर्पिनिया भूकंपात कापोसेलेची मोठी हानी झाली आणि पर्वताखालच्या पाव्होंचेल्ली बोगद्यालाही इजा पोहोचली. कालांतराने त्याच्या शेजारी दुसरा बोगदा खोदावा लागला.

सेवापथ ते सायकलमार्ग

कालव्यावर गळती, भेगा वा अतिक्रमण होऊ नये म्हणून पहारेकरी नेमलेले असत. त्यांच्यासाठी ठरावीक अंतरावर चौक्या बांधल्या होत्या आणि त्यांच्या ये-जा करण्यासाठी कालव्याच्या पाठीवर खडीचा पथ राखलेला होता. देखभालीची पद्धत बदलली तशा बहुतेक चौक्या ओस पडल्या, पण पथ टिकून राहिला. पुढे हा पथ पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना खुला करावा, असा विचार पुल्या प्रांतात रुजला. भूमध्य समुद्राभोवतालच्या सायकलमार्गांच्या जाळ्याचा एक युरोपीय प्रकल्प या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतला गेला, त्यात पुल्याने पुढाकार घेतला होता.

इत्रिया खोऱ्यातील तुकडा सर्वप्रथम तयार झाला. त्यानंतर २०१५ च्या डिसेंबरमध्ये संमत झालेल्या अर्थसंकल्पविषयक कायद्यात या मार्गाचा समावेश राष्ट्रीय पर्यटन सायकलमार्गांच्या पहिल्या यादीत झाला. त्या यादीत व्हेरोना ते फ्लोरेन्स, व्हेनिस ते तोरिनो आणि रोम शहराभोवतीचे वर्तुळ हे अन्य तीन मार्ग होते. आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या दक्षिणेचा एकमेव मार्ग यादीत असणे, ही स्थानिकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

मार्गावरील प्रदेश

आरंभीचा टप्पा सर्वांत कष्टाचा आहे. कापोसेलेहून निघालेले पाणी पर्वताच्या पोटातून जाते. सायकलस्वाराला मात्र सुमारे ७०० मीटर उंचीची कोंत्साची खिंड चढून ओफांतोच्या खोऱ्यात उतरावे लागते. येथे ओक व चेस्टनटची राने, टेकड्यांच्या माथ्यावरची गावे आणि भूकंपानंतर नव्याने वसलेल्या वस्त्या दिसतात.

बाझिलिकातात शिरल्यावर १,३२६ मीटर उंचीचा व्हुल्तुरे हा मृत ज्वालामुखी दीर्घकाळ सोबत करतो. त्याच्या उतारांवरील काळसर मातीत आल्यानिको जातीच्या द्राक्षांचे मळे आहेत. आतेल्ला येथील जलसेतू हा जलवाहिनीच्या देखण्या बांधकामांपैकी एक. व्हेनोसाच्या पुढे गव्हाची शेते सुरू होतात व झाडी विरळ होत जाते.

स्पिनात्सोलाच्या पुढे येते ते आल्ता मुर्जा हे उंच, दगडी पठार. त्यावर २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. गुडघाभर गवत, मेंढ्यांचे वाडे आणि दगड रचून केलेले कुंपण याखेरीज मैलोन्‌मैल काही नसते. लांबवर एका टेकडीवर सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात बांधलेला कास्तेल देल मोंते हा अष्टकोनी किल्ला दिसू लागतो. त्याच्या आठही कोपऱ्यांवर पुन्हा अष्टकोनी बुरूज आहेत. १९९६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. पुढे कास्सानोजवळ मेर्कादांते हे मानवनिर्मित वन लागते. बारी शहराला पुराचा तडाखा बसू नये म्हणून विसाव्या शतकात या उतारांवर वृक्षलागवड करण्यात आली. पाण्यावाचून तळमळणाऱ्या प्रांताच्या राजधानीला पुरापासूनही वाचवावे लागावे, हा चुनखडीच्या भूमीचा विरोधाभास आहे: येथे पाऊस क्वचित पडतो, पण पडला की धरून ठेवायला माती नसते.

जोया देल कोल्ले ओलांडल्यावर भूदृश्य पालटते. आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोंदो, मार्तिना फ्रांका, चिस्तेर्निनो आणि चेल्ये मेसापिका या गावांमधला प्रदेश म्हणजे इत्रिया खोरे. तांबडी माती, ऑलिव्ह व बदामाची झाडे, द्राक्षांचे लहान मळे आणि त्यांत विखुरलेली, शंकूच्या आकाराच्या छपरांची ‘त्रुल्ली’ घरे हे त्याचे रूप आहे. ही छपरे चुना वा माती न वापरता नुसते दगड रचून केलेली असतात. कर वसूल करणारे आल्यास घर झटकन मोडता यावे म्हणून अशी रचना केली जाई, असे परंपरा सांगते. दगडाच्या अशा कोरड्या रचनेची कला युनेस्कोने २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली.

शांत सायकलप्रवास म्हणजे काय, हे या खोऱ्यात सर्वांत चांगले अनुभवता येते. सेवापथ येथे बारीक खडीचा व सलग आहे. तो ओकच्या राईतून जातो आणि लहान जलसेतूंवरून दरी ओलांडतो. बाजूच्या शेतातील छाटणीचा आवाज, कुत्र्याचे भुंकणे आणि चाकाखालची खडी एवढेच कानी पडते. पायांखाली काही हातांवर हजारो लिटर पाणी वाहत असते; त्याचा मात्र मागमूस लागत नाही. मधूनमधून दिसणारे हवा खेळती ठेवण्यासाठीचे छोटे मनोरे हीच काय ती त्याची खूण.

व्हिल्ला कास्तेल्ली येथे मुख्य कालवा संपतो. पुढे पाणी दाबाखालच्या नळांतून जाते. नळांना मंद उताराची गरज नसते, म्हणून सेवापथाची सलगताही येथून तुटते व मार्गाला शेतरस्त्यांचा आधार घ्यावा लागतो. कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेले ग्रोत्ताल्ये आणि द्राक्षमळ्यांचे मांदुरिया या भागात आहेत. जवळच तारांतो बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४३ मध्ये ८ वी भारतीय डिव्हिजन तेथेच उतरली होती आणि तीत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती.

शेवटचा टप्पा सालेंतो द्वीपकल्पाचा. हा प्रदेश ऑलिव्हच्या पुरातन बागांसाठी ओळखला जाई. २०१३ मध्ये ‘झायलेला फास्टिडिओसा’ या जिवाणूचा प्रादुर्भाव येथे आढळला. झाडांचा रस शोषणाऱ्या एका किड्यामार्फत तो पसरतो. लक्षावधी झाडे वाळली. आज सायकलस्वार कित्येक किलोमीटर करड्या, निष्पर्ण खोडांमधून जातो. काही ठिकाणी रोगाला दाद न देणाऱ्या वाणांची नवी रोपे दिसतात. मार्गाच्या वर्णनांत हा भाग बहुधा झाकला जातो. तसे करणे योग्य नाही, कारण आजच्या सालेंतोचे ते खरे चित्र आहे.

लेउका येथे जलवाहिनीचा शेवट एका भव्य धबधब्याने केला आहे. टेकडीवरून समुद्राकडे उतरणाऱ्या या पायऱ्यापायऱ्यांच्या प्रपातात मोजक्या प्रसंगीच पाणी सोडले जाते. दोन्ही बाजूंना बंदरापर्यंत जाणारे जिने आहेत. माथ्यावर १८६६ मधील ४७ मीटर उंचीचा दीपस्तंभ आहे.

वाहनमुक्ततेची सद्यःस्थिती

नकाशावर एकच रेघ दिसत असली, तरी मार्गाचे तीन प्रकार पडतात. पहिला, पूर्णपणे वाहनमुक्त व सायकलसाठी तयार केलेला सेवापथ. दुसरा, अस्तित्वात असलेला पण फाटक, झुडपे किंवा धोकादायक कठडे यांमुळे बंद असलेला सेवापथ. आणि तिसरा, त्यांना जोडणारे गावरस्ते. गावरस्त्यांवर रहदारी तुरळक असते, तथापि त्यांना वाहनमुक्त म्हणता येणार नाही. जलवाहिनी आजही वापरात असल्याने पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता प्रथम पाहावी लागते. शिवाय मार्ग तीन प्रांतांतून आणि असंख्य ग्रामपालिकांच्या हद्दींतून जातो, म्हणून कामाची गती सर्वत्र सारखी नाही.

मार्ग पूर्ण होण्याचे महत्त्व पर्यटनापुरते नाही. कापोसेले, आतेल्ला, स्पिनात्सोला अशा अंतर्भागातील गावांतून तरुण मंडळी बाहेर पडत आहेत. किनाऱ्यावर उन्हाळी पर्यटकांची गर्दी लोटते तेव्हाही या गावांतील खानावळी रिकाम्या असतात. ओस चौक्यांचे विश्रामगृहांत रूपांतर करण्याच्या योजनेमागे हाच विचार आहे.

प्रवासाविषयी

एप्रिल ते जूनचा आरंभ आणि सप्टेंबर–ऑक्टोबर हा काळ अनुकूल असतो. जुलै–ऑगस्टमध्ये मुर्जा पठारावर सावली मिळत नाही. रुंद टायरची सायकल सोयीची, कारण खडीवर अरुंद टायर टिकाव धरत नाहीत. पठारावर मेंढपाळांचे राखणदार कुत्रे आडवे येतात. तेव्हा सायकलवरून उतरून सावकाश चालत जावे, असा तेथील रिवाज आहे. ‘मास्सेरिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या तटबंदीच्या शेतवाड्यांपैकी अनेकांत मुक्कामाची सोय असते. मार्तिना फ्रांका व लेच्चे येथे रेल्वे आहे. लेउकाहून परतताना जवळच्या गाल्यानो देल कापो स्थानकाचा उपयोग होतो.

गावोगावच्या चौकांत जलवाहिनीचे ओतीव लोखंडाचे सार्वजनिक नळ आहेत. बारीच्या बोलीत त्यांना ‘लोखंडी डोके’ अशा अर्थाचे लाडके नाव आहे. शिदोरीत ‘फ्रिसेल्ले’ असावेत. हे दोनदा भाजलेले कडक पाव दीर्घकाळ टिकतात. नळाखाली क्षणभर भिजवून त्यांवर टोमॅटो, मीठ व ऑलिव्हचे तेल घालून ते खातात.