मेणाचं नाक

देवपूरच्या आमच्या घरात ग्रहण लागलं की गरोदर बाईला विळीला हात लावू देत नसत. तिनं काही चिरलं तर बाळाचा ओठ चिरलेला निघतो, अशी आजीची पक्की समजूत. ओठ कुणी चिरत नाही; तो जुळायचा राहतो. गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात चेहऱ्याचे भाग दोन्हीकडून येऊन सांधतात. सांधा राहिला की ओठ दुभंगतो आणि नाकालाही ओढ बसते. त्या बाजूची नाकपुडी चपटी आणि पसरट होते, शेंडा कलतो, मधला पडदा वाकतो. ओठ शिवला तरी नाकातलं हे वाकडेपण बहुधा थोडंफार उरतंच.

ते नेमकं किती उरलं? समोरून काढलेल्या फोटोत नाकाची खोली येत नाही; ती वेगळी मोजावी लागते. या मोजणीचं कूळ मी पुण्यात धरतो.

१७९२च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. क्रूसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकिगत छापून आली.

त्या कारागिरानं आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून शोभेल असं नाक घडवलं. मग तोच पत्रा उलगडून कपाळावर सपाट अंथरला, कडेनं रेघ मारली आणि तेवढं कातडं सोडवलं. दोन भुवयांमध्ये रक्त पोचवणारा देठ मात्र राखला. ते कातडं वळवून खाली बसवलं आणि सांधा धरायला वर कात लावलेल्या पट्ट्या दिल्या. उंचसखल नाकाला सपाट कातडं किती लागेल, हा हिशेब त्यानं मेणावर केला. माझ्या लेखी खरी विद्या तीच. त्याच्या नावाची मात्र कुणी नोंद केली नाही, याचं मला वाईट वाटतं.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं १८१४ साली ही रीत वापरली. दुभंगलेल्या नाकांची मापं घ्यायला पुढे प्लास्टरचे साचे आले. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाशी साचा घेणं म्हणजे जिवाला घोर. आता भोवतीचे अनेक कॅमेरे एका क्षणात टिपतात, बाळ हललं तरी बिघडत नाही. संगणक त्यातून चेहऱ्याची त्रिमितीय प्रतिमा उभी करतो, निरोगी अर्धं आरशासारखं उलटवून दुभंगलेल्या अर्ध्यावर ठेवतो आणि कुठे किती मिलिमीटर फरक आहे ते रंगांत दाखवतो.

दोन्ही बाजूंनी दुभंग असेल तर उलटवायला निरोगी अर्धं उरतच नाही. तिथे त्याच वयाच्या इतर मुलांची मापं शेजारी ठेवतात आणि या चेहऱ्याला कुठलं नाक शोभेल, ते डॉक्टर पुन्हा नजरेनं ठरवतात.