सेलाच्या आधी जन्मलेली परीक्षा

शेगावच्या घराघरांत रिमोट चालेनासा झाला किंवा बॅटरीचा, म्हणजे विजेरीचा, उजेड पिवळा पडला की सेल ‘उतरला’ असे म्हणतात. आणि तो खरोखर उतरला की नाही हे पाहण्याच्या रीतीही ठरून गेलेल्या आहेत: दुसऱ्या विजेरीत घालणे, फरशीवर टाकणे किंवा तार जोडून जिभेला लावणे. यांपैकी जिभेची परीक्षा इतकी जुनी आहे की जिची परीक्षा घ्यायची ती वस्तूच तेव्हा जन्मलेली नव्हती.

बर्लिनमध्ये स्थायिक झालेला स्विस तत्त्वचिंतक योहान गेओर्ग झुल्त्सर याने शिसे व चांदी यांचे तुकडे कडेला कड भिडवून जिभेवर ठेवले, तेव्हा त्याला हिराकशीची, म्हणजे लोखंडापासून होणाऱ्या त्या हिरवट क्षाराची, चव लागली. तेच धातू वेगवेगळे ठेवले असता ती लागली नाही. झुल्त्सर शोधत होता तो सुखद व असुखद संवेदनांचा उगम, त्यामुळे धातूंच्या कणांत कंप उठून तो जिभेच्या तंतूंना चेतवत असावा एवढे अनुमान करून तो पुढच्या विषयाकडे वळला. या प्रयोगाचे साल कोठे 1752, कोठे 1754, तर कोठे 1767 दिलेले आढळते, कारण निबंधाचे लेखन, त्याची छपाई आणि त्याचे पुनर्मुद्रण यांची सरमिसळ झाली आहे. पहिले साल धरणे अधिक सयुक्तिक. पण शेवटचे धरले तरी व्होल्टाची विद्युतरास, म्हणजे जगातील पहिली बॅटरी, जाहीर होण्यास तेव्हा तेहतीस वर्षे अवकाश होता.

व्होल्टाने 1790 नंतरच्या वर्षांत हाच खेळ पुन्हा मांडला. जिभेच्या टोकावर कथलाचा वर्ख आणि मागे चांदीचे नाणे ठेवून दोन्ही एकमेकांना टेकवले की आंबट चव येई, आणि ती धातू टेकलेले असेपर्यंत टिके. बेडकाची तंगडी क्षणभर झटका देऊन थांबत असे. वीज अखंड वाहते याची साक्ष दिली ती जिभेने. 20 मार्च 1800 च्या पत्रात त्याने वर्णिलेल्या राशीत जस्त व चांदी यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा होता, आणि हा ओला, खारट पुठ्ठा जिभेचाच बदली कामगार होता. व्होल्टाने स्वतः या साधनाची तुलना विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या अवयवाशी केली असल्यामुळे माशालाच मूळपुरुष मानणारा पक्ष प्रबळ आहे. तथापि माशाने शिकवली ती थरावर थर रचण्याची युक्ती. एकेक थर मात्र जिभेवरच्या प्रयोगाचाच आहे.

त्यानंतरचे टप्पे सर्वपरिचित आहेत: 1866 मधील लेक्लांशेचा ओला घट आणि 1880 च्या दशकातील गास्नरचा कोरडा सेल, ज्यात कल्हईवाल्याचा नवसागरच जस्ताच्या डबीत जाऊन बसला. जिभेची रीत वऱ्हाडात आली ती बहुधा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या तारयंत्रांबरोबर, कारण रूळ आणि घट हे दोन्ही येथे एकाच काळात आले.

फरशीची परीक्षा मात्र येथे पुष्कळदा निरुपयोगी ठरते. अल्कलाइन सेलातील जस्ताची लापशी वापराने ऑक्साइड बनून घट्ट होते, म्हणून जुना सेल उसळतो आणि नवा थपकन बसतो. परंतु प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की सेल निम्मा संपण्याच्या सुमारासच ही उसळी कमाल होते व मग वाढत नाही. म्हणजे सेल कोरा नाही एवढेच ती सांगते. शिवाय किराणा दुकानात मिळणाऱ्या स्वस्त पेन्सिल सेलात ही लापशीच नसते. त्यात जस्ताची डबी, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा भुगा असतो. परदेशी सेलांवर 1990 च्या दशकात आलेली, दाबताच विजेने तापून रंग बदलणारी पट्टी येथल्या घरांत फारशी रुळली नाही.

उरते विजेरीची परीक्षा, आणि तिच्या बाजूने एक गोष्ट निश्चित आहे: जिभेतून वीज अत्यल्प वाहते, त्यामुळे थकलेला सेलही तेथे खपून जातो, तर दिव्याला भरपूर वीज लागते व तेथे लबाडी उघडी पडते. तरीही रात्री मंदावलेला सेल सकाळी पुन्हा उजेड देतो, कारण विश्रांतीत आतील रसायने सावरतात. उन्हात ठेवलेला सेल थोडा वेळ अधिक चालतो, तो उष्णतेने अभिक्रिया वेगावते म्हणून. जाणती माणसे म्हणूनच दिवा लागला की लगेच मान डोलावत नाहीत, मिनिटभर तो तसाच पेटता ठेवतात, आणि तांबूस झाला की सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घालतात, जेथे तो आणखी काही महिने काढतो.