काचपट्टीपासून रॅमपर्यंत : जालन्यासारख्या जिल्ह्यात फोटो स्टुडिओचा संगणक कसा जुळवला गेला

लग्नाच्या अल्बमचे एक पान, आकार १२ बाय ३६ इंच. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर त्या एका पानात ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके भरतात आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे कोरे पान उघडले तरी सुमारे ११७ एमबी जागा व्यापली जाते. वधूवर, तोरण, अक्षता यांचे थर त्यावर चढायचे ते नंतर. अंबड, परतूर, भोकरदनसारख्या गावांतील स्टुडिओवाल्याने संगणकाचा कोणता भाग घ्यायचा हे ठरवताना खरा निर्णय या आकड्याने केला. त्या निवडीचा हा इतिहास. (थ्रेड)

छायाचित्र ‘सुधारणे’ संगणकाने आणले, हा समज चुकीचा आहे. जालना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याचा दरबारी छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. त्या काळी चित्र काचपट्टीवर उतरे आणि काचेवरच पेन्सिल व कुंचल्याने चेहऱ्यावरील सुरकुत्या, डाग झाकले जात. पुढे फिल्म आली तरी ‘टचिंग’ करणाऱ्याचा हात तोच राहिला. चूक झाली, तर ती कायमची. मागे घेण्याची सोय नव्हती.

ती सोय दूर अमेरिकेत निर्माण झाली. १९८७ मध्ये थॉमस नॉल या विद्यार्थ्याने करड्या छटांची चित्रे पडद्यावर दाखवणारी एक आज्ञावली लिहिली. भाऊ जॉन याच्या साथीने तिचे फोटोशॉप झाले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अॅडोबीने ते बाजारात आणले. ती पहिली आवृत्ती केवळ मॅकिंटॉशवर चाले आणि २ एमबी रॅममध्ये तिचे भागे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ आले, आणि रॅमची भूक सुरू झाली ती तेव्हापासून.

मॅकिंटॉश छोट्या गावाच्या आवाक्यातले नव्हते. तिथे पोहोचला तो असेंबल्ड संगणक : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग यायचे आणि स्थानिक जुळवणीकार ते डब्यात बसवायचा. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराला भारताने १९९७ मध्ये मान्यता दिली, २००५ पर्यंत या वस्तूंवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले आणि ही वाट रुंदावली. जानेवारी १९९७ मध्येच इंटेलचा पेंटियम एमएमएक्स आला होता. त्यातील ५७ नव्या सूचनांचे मर्म असे, की एका फटक्यात आठ-आठ बाइटांवर एकच क्रिया करता येई. छायाचित्रातील प्रत्येक रंगाची छटा एका बाइटात मावते. म्हणजे ही सोय जणू फोटोवाल्यांसाठीच होती. तरीही जाणता जुळवणीकार प्रोसेसरवर सारे पैसे घालू देत नसे. रॅम अपुरी पडली, की फोटोशॉप उरलेले काम हार्ड डिस्कवर ढकलते, आणि मग कितीही वेगवान प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसतो. ‘गेमिंग’ची महागडी ग्राफिक कार्डे तर त्या काळी या कामासाठी निव्वळ शोभेची होती.

रॅमचा भाव मात्र गावच्या हाती नव्हता. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, चिप कारखाने थांबले आणि जगभर रॅम महागली. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले; किमती जवळपास दुप्पट झाल्या, त्याही तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होण्याच्या तोंडावर. मराठवाड्यात पावसाची वाट पाहणाऱ्यांना परमुलखातील पुराचा असाही फटका बसावा, हा विरोधाभासच.

यादीत सर्वांत वर असायला हवी अशी वस्तू मात्र डब्याच्या बाहेर होती : यूपीएस. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज तासन्‌तास जाई. फाइल साठवली जात असतानाच वीज गेली, तर दिवसभराचे काम मातीमोल. म्हणून जुना काचेचा जड मॉनिटर काढून सपाट एलसीडी घेण्याकडे कल झाला. तो वीज कमी खाई आणि यूपीएस अधिक मिनिटे तग धरी. इथेच पेच होता. स्वस्त एलसीडीचे टीएन पॅनल प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी बहुधा ६४ छटाच खऱ्या दाखवी, उरलेल्या भासवी. मान जरा हलवली, की रंग बदले. पडद्यावर मोरपंखी दिसणारी पैठणी कागदावर भलत्याच रंगाची उतरे, आणि पैठणपासून इतक्या जवळच्या मुलखात पैठणीचा रंग चुकणे परवडणारे नव्हते. रंगाशी प्रामाणिक राहणारी आयपीएस पॅनल १९९६ पासून अस्तित्वात होती, पण दीर्घकाळ ती महागच राहिली. कित्येकांनी त्यामुळे जुना अवजड मॉनिटर टाकून दिला नाही. रंग पाहायचा तेवढ्यापुरता तो चालू करायचा.

याच संगणकाने आणखी एक धंदा पोसला, तो फ्लेक्सचा. दहा बाय आठ फुटांचा वाढदिवसाचा फलक, इंचाला केवळ ७२ ठिपके धरले तरी छपाईच्या चार रंगांत सुमारे २३९ एमबीचा होतो. ५१२ एमबी रॅमच्या यंत्रावर तो उघडायचा, म्हणजे चहा मागवून बसायचे. शुभेच्छुकांचे चेहरे जितके अधिक, तितके थर अधिक. ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरता येत नसे. २००८ मध्ये फोटोशॉप विंडोजवर ६४ बिटांत आले आणि ती भिंत पडली.

डिस्कची गोष्ट वेगळी. दीनदयाळांच्या २,८५७ काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. शंभर वर्षांहून जुनी काच प्रकाशासमोर धरली, की चेहरा दिसतो. हार्ड डिस्कचे चुंबकीय डोके तबकडीवर घासले, तर एका रात्रीत अख्ख्या हंगामाची लग्ने पुसली जातात, आणि ती लग्ने पुन्हा लावता येत नाहीत. म्हणून पैसे उरलेच, तर अनुभवी स्टुडिओवाला वेगवान प्रोसेसर मागत नसे. तो दुसरी हार्ड डिस्क घेई, प्रत तयार झाली की ती यंत्रातून काढून घरच्या कपाटात ठेवी.